स्वादुपिंडाच्या कर्करोगाची फेरमोजणी: मुंबईतल्या दोन निदान केंद्रांचा अनुभव

माझी सारी नोकरी भूमापन खात्यात गेली. मोजणीचा अर्ज आला की आधी जुना नकाशा काढायचा, हद्दीचा जुना दगड शोधायचा आणि मगच साखळी टाकायची, ही शिस्त तीस-बत्तीस वर्षांत अंगात मुरलेली असल्यामुळे थोरल्या बहिणीच्या आजारपणात जे पाहिले ते मी कदाचित इतर नातेवाइकांपेक्षा वेगळ्या नजरेने पाहिले असेल. ताईला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायचे ठरले, आणि त्या केमोला गाठ कितपत दाद देते आहे हे मोजून घेण्यासाठी आम्ही मुंबईतल्या दोन खासगी निदान केंद्रांच्या पायऱ्या चढलो. हे परीक्षण त्या दोन केंद्रांच्या सेवेचे आहे. दोघांचीही नावे मी देत नाही. पहिल्याबद्दल माझी तक्रार आहे आणि एका रुग्णाच्या अनुभवावरून कोणाच्या दारावर पाटी लावणे मला योग्य वाटत नाही. दुसऱ्याचे नाव दिले, तर पहिले कोणते ते ओळखायला त्या भागातल्या माणसाला फार वेळ लागणार नाही.

ताई मुलुंडला राहते, वय त्रेसष्ट. गणपतीच्या आधी तिचे डोळे पिवळे दिसू लागले, अंगाला खाज सुटली, आणि साधी कावीळ समजून दोन आठवडे मुळ्याचा पाला आणि उसाचा रस यांतच गेले. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली तेव्हा पोटविकारतज्ज्ञांनी लगेच स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट मोकळी करणारी नळी, न टाकता आधी सीटी स्कॅन करून या असे बजावले. स्टेंट टाकला की भोवताली सूज येऊ शकते, धातूच्या नळीची चकाकी चित्रावर उतरते, आणि मग गाठीची कड कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते हे सांगणे अवघड होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी भावोजींना हा उशीर पटला नव्हता. पुढे मात्र त्याच सल्ल्यामुळे आमच्याकडे एक स्वच्छ मूळ नकाशा राहिला, आणि पुढची प्रत्येक मोजणी त्याच्याशी ताडून पाहता आली.

त्या पहिल्या स्कॅनप्रमाणे गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात होती, लांबी ३.४ सेंटिमीटर, आणि आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला, जिला डॉक्टर मंडळी एसएमए म्हणतात, ती एका बाजूने टेकलेली होती. शेजारची शीर थोडी चेपली गेली होती. या आजारात गाठ किती मोठी यापेक्षा ती कोणत्या रक्तवाहिनीला किती अंशांत वेढते यावर पुढचे सारे अवलंबून असते. एसएमए धमनीच्या परिघाला १८० अंशांपर्यंत स्पर्श असेल तर गाठ ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे शस्त्रक्रियेने निघेल की नाही याच्या सीमेवरची, त्याहून जास्त असेल तर स्थानिकदृष्ट्या पुढे गेलेली, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. ताईचा स्पर्श १५० अंश होता. त्यामुळे थेट शस्त्रक्रिया न करता आधी केमो, मग फेरतपासणी आणि मग निर्णय असा क्रम ठरला. एंडोस्कोपीतून तुकडा घेऊन निदान पक्के झाले, धातूचा स्टेंट बसला, काविळीचा आकडा म्हणजे बिलिरुबिन उतरले आणि फोल्फिरिनॉक्स नावाची केमो सुरू झाली. दर चौदा दिवसांनी चार औषधे, त्यांतले शेवटचे छेचाळीस तास कमरेच्या पिशवीतल्या पंपातून. ताई ती पिशवी पदराखाली झाकून रिक्षातून घरी यायची आणि शेजाऱ्यांना ‘मोबाइलची आहे’ असे सांगायची.

चार फेऱ्यांनंतर पहिली फेरमोजणी. घराजवळ सोयीचे म्हणून आम्ही पूर्व उपनगरातले एक केंद्र निवडले. जागा चकचकीत, वातानुकूलित, टोकनचा यांत्रिक आवाज मराठीत बोलणारा, आणि नंबर खरोखरच पंधरा मिनिटांत लागला. सेवेचे मूल्यमापन तिथेच थांबवले असते तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते. संध्याकाळी सहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. दीड पानाच्या त्या मजकुरात मूत्रपिंडातल्या साध्या पाण्याच्या पुटकुळीला चार ओळी होत्या आणि स्वादुपिंडाला तीन. शेवटी निष्कर्ष असा की मागील अहवालाच्या तुलनेत लक्षणीय फरक नाही, आजार स्थिर.

त्या ‘स्थिर’ शब्दाने घरात जे झाले ते लिहिण्यात अर्थ नाही. दोन महिने उलट्या, हातापायांना मुंग्या, थंड पाण्याला हात लावायची चोरी, आणि त्या सगळ्याचे फळ काय, तर फरक नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट पुन्हा वाचला तेव्हा जुन्या सवयीने माझी नजर आधी मोजणीच्या पद्धतीवर गेली. तिथे एकच फेज, म्हणजे कॉन्ट्रास्टचे औषध टोचल्यावर ठरावीक वेळी काढलेला चित्रांचा एकच संच, घेतल्याची नोंद होती, छेद पाच मिलिमीटरचे होते, एसएमए धमनीचा उल्लेखच नव्हता, आणि तुलना मागील चित्रांशी नव्हे तर मागील कागदी अहवालाशी केलेली होती. आम्ही जुनी सीडी बरोबर नेली होती. काउंटरवरच्या मुलीने ‘रिपोर्टची झेरॉक्स पुरे’ म्हणून ती परत दिली होती. मूळ नकाशा न पाहता शेजाऱ्याने सांगितलेल्या हद्दीवरून मोजणी केल्यासारखा हा प्रकार होता. आमच्याकडे असे प्रकरण वरिष्ठांनी त्याच दिवशी परत पाठवले असते.

दोष सगळा केंद्राचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. चिठ्ठीवर केवळ ‘पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी’ असे लिहिलेले होते, आणि केंद्राने मागितले तेवढे दिले. स्वादुपिंडासाठी मात्र सीटीची रीत वेगळी असते. औषध शिरेतून सोडायला लागल्यापासून साधारण ४० ते ४५ सेकंदांनी एक फेज घेतात, कारण त्या वेळी निरोगी स्वादुपिंड उजळते आणि गाठ काळपट राहते. दुसरी ६५ ते ७० सेकंदांनी घेतात, तेव्हा शिरा आणि यकृत नीट दिसतात. छेद शक्यतो एक मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ असावे लागतात. पोटात पांढरे औषध न देता साधे पाणी पाजतात, म्हणजे आतड्याची भिंत स्पष्ट राहते. चिठ्ठीवर कर्करोगाचा उल्लेख होता, केमो चालू असल्याचाही होता. अशा वेळी डॉक्टरांना एक फोन करून विचारणे केंद्राला जड गेले नसते. ऑन्कॉलॉजिस्टनी ती चित्रे संगणकावर दोन मिनिटे खालीवर केली आणि ‘यावर सर्जन काही ठरवू शकणार नाहीत, पुन्हा करावे लागेल’ असे सांगितले. पैसे गेले ते गेलेच, पण मूत्रपिंडासाठीचे क्रिएटिनिन पुन्हा तपासून पुन्हा कॉन्ट्रास्ट घ्यावा लागला याचे वाईट वाटले.

इथे थोडे थांबून मूळ अडचण सांगतो, कारण ती कळल्याशिवाय दुसऱ्या केंद्राची सेवा चांगली का वाटली हे कळणार नाही. घन गाठींच्या प्रतिसादासाठी जगभर रेसिस्ट नावाचे निकष वापरतात. त्यांची सुधारित आवृत्ती २००९ सालची. गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर आंशिक प्रतिसाद, २० टक्क्यांनी वाढली तर आजाराची वाढ, आणि मधले सारे ‘स्थिर’. फुप्फुसातल्या किंवा यकृतातल्या सुट्या गोळ्याला ही फूटपट्टी बरी लागू पडते. स्वादुपिंडाची गाठ मात्र नुसत्या कर्कपेशींची नसते. तिचा मोठा भाग घट्ट, तंतुमय ऊतीचा असतो आणि पेशी त्यात विखुरलेल्या असतात. केमोने पेशी मेल्या तरी हा तंतूंचा सांगाडा जागेवरच उरतो, उलट जखम भरल्यावर व्रण राहावा तसा त्या जागी आणखी चिवट चट्टा राहतो. सीटीला जिवंत गाठ आणि मेलेल्या गाठीचा चट्टा दोन्ही सारखेच करडे दिसतात. घरातली माणसे निघून गेली तरी भिंती उभ्या असतात, आणि बाहेरून फूटपट्टी लावणाऱ्याला घर तेवढेच दिसते.

ही केवळ आमच्या डॉक्टरांनी केलेली समजूत नव्हती. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉर्डरलाइन आजाराच्या १२२ रुग्णांची उपचारानंतर फेरतपासणी केली होती. त्यांपैकी फक्त १५ जणांत, म्हणजे १२ टक्क्यांत, रेसिस्टच्या हिशेबाने आंशिक प्रतिसाद दिसला, आणि चित्रावरून ज्याचा आजार सरळ काढता येण्याजोग्या गटात उतरला असा रुग्ण एकच होता. तरीही या अभ्यासातल्या ८५ रुग्णांचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने काढले गेले, आणि रेसिस्टचा प्रतिसाद व पुढचे आयुर्मान यांचा संबंध जुळला नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या शल्यचिकित्सकांनी २०१५ साली फोल्फिरिनॉक्स घेतलेल्या रुग्णांबद्दल हेच लिहिले, की चित्रे अजूनही ‘काढता येणार नाही’ असे सांगत असताना प्रत्यक्षात गाठ पूर्ण निघते. म्हणून आता प्रश्न उलटा विचारतात. गाठ आकसली का, यापेक्षा ती कुठे वाढली तर नाही ना, यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर नवे काही उगवले तर नाही ना, रक्तातला मार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारा आकडा, उतरला का आणि माणूस शस्त्रक्रिया सोसेल का, हे पाहतात. या रोगात ‘स्थिर’ हा शब्द वाईट बातमी असेलच असे नाही. पण हे रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत कोणी लिहीत नाही.

दुसरे केंद्र मध्य मुंबईत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, लिफ्ट लहान, आणि पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की तिथे पोहोचणे हीच एक तपासणी. बसायला बाके अपुरी. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, त्यामुळे या भागातल्या कोणत्याही तपासणी केंद्रात निम्मी माणसे विदर्भ, मराठवाडा, बिहार, बंगालहून आलेली असतात. आमच्या शेजारी बसलेले बुलढाण्याचे जोडपे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते आणि त्यांच्या हातातली फाइल ताईच्या फाइलच्या तिप्पट जाड होती. दहाची वेळ दिलेली असताना ताईला आत घेतले तेव्हा पावणेबारा वाजले होते, आणि उशीर का होतो आहे हे मधल्या वेळात कोणी सांगितले नाही. याचा एक तारा मी कापतो.

पण काउंटरवरचा पहिला प्रश्न होता, ‘जुनी सीडी आणली आहे का?’ दुसरा, ‘स्टेंट कधी टाकला, धातूचा की प्लॅस्टिकचा?’ तिसरा, ‘शेवटचा केमो कोणत्या तारखेला?’ सीडी आमच्यासमोर संगणकात उतरवून घेतली आणि चित्रे उघडतात याची खात्री होईपर्यंत आम्हाला बसायला सांगितले नाही. मग स्टीलच्या जगातून मोजून पाणी आले. ताईला केमोमुळे थंड पाणी चालत नव्हते. मावशींनी न सांगता कोमट करून आणले. आतल्या तंत्रज्ञाने मशीन सुरू करण्याआधी तिच्याकडून तीनदा सराव करून घेतला. ‘मावशी, श्वास घ्या… सोडा… आता अर्धा घ्या आणि रोखा. पूर्ण नको, दर वेळी एवढाच.’ श्वास कमीजास्त झाला तर पोटातले अवयव खालीवर सरकतात आणि मिलिमीटरच्या हिशेबाला अर्थ राहत नाही, हे त्याने बाहेर आल्यावर मला समजावून सांगितले. मोजपट्टी धरणाऱ्या गड्याचा हात स्थिर हवा, हे मी आयुष्यभर शिपायांना सांगत आलो होतो.

रिपोर्ट त्या दिवशी मिळाला नाही, तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यात ठरलेल्या चौकटी होत्या: गाठीची लांबी, मोजलेला छेद कोणता, प्रत्येक धमनीशी स्पर्श किती अंश, शिरेचा आकार बदलला का, यकृत, लसीकाग्रंथी, पोटातले पाणी. प्रत्येक ठिकाणी आधीचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी शेजारी. लांबी ३.४ वरून ३.२. स्पर्श १५० अंश, तेवढाच. कागदावर पाहिले तर हाही ‘स्थिर’च.

आठ फेऱ्या पूर्ण झाल्यावर तिथेच तिसरा स्कॅन झाला, आणि त्या वेळी मी रेडिओलॉजिस्ट बाईंना भेटायची वेळ मागितली. अशी विनंती बहुतेक ठिकाणी ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’ म्हणून परतवली जाते. त्यांनी दुपारी चारला बोलावले आणि वीस मिनिटे दिली. पडद्यावर डावीकडे पहिला स्कॅन, उजवीकडे ताजा, दोन्ही एकाच पातळीवर लावलेले. मध्ये धमनीचा पांढरा गोल ठिपका, मणी असावा तेवढा. ‘हे घड्याळ समजा,’ बाई म्हणाल्या, ‘गाठ दोनपासून सातपर्यंत टेकली आहे. पाच तास, म्हणजे दीडशे अंश. आजही दोन ते सातच आहे. पण कड बघा.’ डावीकडच्या चित्रात करडा पट्टा मण्याला चिखलासारखा भरीव चिकटलेला होता. उजवीकडे त्याच जागी विरलेल्या सुती कापडासारखे धागे होते, मध्ये मध्ये चरबीचा काळा रंग डोकावत होता आणि मण्याचा गोल कुठेही दबलेला नव्हता. शेजारची शीर आधी चेपलेली होती, ती आता जवळजवळ गोल झाली होती. लांबी ३.१ सेंटिमीटर. म्हणजे मूळ मापाच्या ९ टक्क्यांहूनही थोडी कमीच घट. रेसिस्टच्या ३० टक्क्यांच्या आसपासही नाही.

‘हा चट्टा आहे की गाठ?’ असे मी सरळ विचारले.

‘चित्रावरून मी शपथेवर सांगणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘वाढ नाही, नवे काही नाही, शीर मोकळी झाली आहे, एवढे मी लिहिते. बाकीचे तुमचे मार्कर आणि तुमचे सर्जन सांगतील.’

या एका उत्तरासाठी मी कापलेला तारा परत द्यायला तयार आहे. पण उशिराबद्दल तो कापलेलाच राहू द्यावा.

मार्कर म्हणजे रक्तातली सीए १९-९ ही तपासणी. तिचा नेहमीचा वरचा आकडा ३७. कावीळ असताना ताईचा आकडा १,१४० होता आणि तो ऐकून घरात रडारड झाली होती. पित्ताचा मार्ग तुंबला की हा आकडा कर्करोगाशिवायही वर जातो, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही. स्टेंटनंतर बिलिरुबिन १ वर आले तेव्हा तो ४८६ भरला. खरा आरंभबिंदू हाच. १,१४० धरून टक्केवारी काढली असती तर नळीने केलेले काम केमोच्या नावावर जमा झाले असते. आणखी एक गोष्ट: रक्तगटाशी नाते असलेल्या ल्युइस प्रतिजनाच्या अभावी साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा मार्कर तयारच होत नाही, त्यामुळे अशा माणसाचा आकडा कमी दिसला म्हणून समाधान मानण्यात अर्थ नसतो.

चौथ्या फेरीनंतर सोयीसाठी घरी येऊन रक्त नेणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेला बोलावले, आणि आकडा आला २३१. आधीच्या महिन्यात तो १९८ होता. केमो निष्प्रभ झाला या समजुतीने भावोजींनी ती रात्र बाल्कनीत बसून काढली. ऑन्कॉलॉजिस्टनी त्याच आठवड्यात जुन्या प्रयोगशाळेत पुन्हा नमुना द्यायला लावला. तिथे १५२ भरला. वेगवेगळ्या कंपन्यांचे किट हे रेणू वेगवेगळ्या रीतीने पकडतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, असे त्यांनी सांगितले. मीटरच्या साखळीने मोजलेले शेत फुटाच्या साखळीने पुन्हा मोजावे आणि शेत वाढले म्हणावे, तसे. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत तपासणीची पद्धत छापलेली असते. ती दर वेळी तीच आहे का, एवढे पाहायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. आठव्या फेरीनंतर आकडा ३४ झाला. मार्कर निम्म्याहून खाली आला तर चांगले, आणि नेहमीच्या मर्यादेत आला तर अधिक चांगले, असे अनेक केंद्रांच्या अनुभवातून दिसलेले आहे. आमच्या बाबतीत जो खरा बदल झाला होता तो फूटपट्टीने नव्हे, या आकड्याने दाखवला.

पेट स्कॅनबद्दल दुसऱ्या केंद्राची तक्रार करणे भाग आहे. साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचून कुठल्या पेशी ते जास्त खातात हे पाहण्याची ही तपासणी, आणि आकाराऐवजी गाठीची भूक मोजत असल्यामुळे या आजारात तिचा उपयोग होऊ शकतो. सहा तास उपाशी राहून आम्ही सकाळी साडेसातला पोहोचलो, बोटातून रक्त घेतले, साखर २१२ निघाली आणि आम्हाला परत पाठवले. साखर २०० च्या वर असेल तर द्रव्य पेशींत नीट शिरत नाही, हे बरोबरच आहे. पण स्वादुपिंडाच्या रुग्णाला मधुमेह असणे ही नवलाची गोष्ट नाही; आदल्या दिवशी फोन करणाऱ्या मुलीने ‘मधुमेह आहे का, इन्सुलिन कधी घेता’ एवढे विचारले असते तर मुलुंडहून पहाटेची फेरी वाचली असती. या द्रव्याचा प्रभाव दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे आलेल्या मात्रेला कोणासाठी थांबता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळच्या किरणोत्सार औषध विभागात २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसला, म्हणून ही सोय मुंबईकरांच्या हाताशी लवकर आली; ती एका फोनअभावी वाया जावी हे खटकते.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी चोख काम केले. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन कधी घेतले हे विचारले आणि पुरेसे दिवस गेले आहेत याची खात्री केली, कारण त्या इंजेक्शनने हाडांतला मगज उजळतो आणि आजार हाडांत पसरल्याचा भास होऊ शकतो. टोचल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प बसवले, ताईला जपमाळ ओढायचीही परवानगी नव्हती. निकालात गाठीची चमक आधीच्या तुलनेत बरीच उतरलेली होती. स्टेंटच्या टोकाशी थोडी चमक होती. तिथे ‘सुजेमुळे असण्याची शक्यता’ असे स्पष्ट लिहिले होते. अशा ठिकाणी गप्प राहणारा रिपोर्ट घरात किती गोंधळ घालतो, हे आम्ही आधी अनुभवले होते.

शस्त्रक्रिया स्कॅननंतर चार आठवड्यांच्या आत झाली. त्याहून जुन्या चित्रांवर सर्जन हात घालायला तयार नव्हते. आधी दुर्बिणीने आत डोकावून पोटाच्या पडद्यावर बारीक दाणे नाहीत याची खात्री केली आणि मग पोट उघडले. साडेसात तासांनी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले की धमनीभोवती जे होते ते दगडासारखे घट्ट होते, पण तिथून पाठवलेल्या तुकड्यांत त्याच वेळी केलेल्या तपासणीत कर्कपेशी सापडल्या नाहीत. चित्रावरचे दोन ते सात हे चट्ट्याचे होते.

शेवटची मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि ती खरी, पण ती हाती येते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजने ठरवलेल्या पद्धतीत ० म्हणजे जिवंत पेशी उरलेली नाही आणि ३ म्हणजे उपचाराचा परिणाम जवळजवळ नाही. ताईचा गुण २ आला. काढलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या, सतरा लसीकाग्रंथींपैकी एकीत आजार. म्हणजे केमोने काम केले होते, पण सगळे केले नव्हते. ते ऐकून आम्ही पेढे वाटले नाहीत. ताईने मात्र दवाखान्यातल्या मामांना आणि सिस्टरना चहा पाजला.

खर्चाचे सांगायचे तर पहिल्या केंद्रात आमचे साडेसहा हजार गेले आणि दुसऱ्यात दर सीटीमागे नऊ हजारांच्या थोडे वर. वाया गेलेला स्कॅन धरला तर स्वस्त केंद्र आम्हाला महाग पडले. पोटदुखी, मुतखडा, अपेंडिक्स अशा तपासणीसाठी पहिल्या केंद्रात मी आजही जाईन, कारण ते झटपट आहे आणि माणसे सौजन्याने वागतात. केमो चालू असलेल्या स्वादुपिंडासाठी मात्र नाही. ज्यांना जावेच लागेल त्यांनी चिठ्ठीवर ‘स्वादुपिंडाचा प्रोटोकॉल’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, जुन्या स्कॅनची चित्रे उतरवून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये, आणि रिपोर्टमध्ये धमनीच्या स्पर्शाचे अंश नसतील तर तो पुरवणीसाठी परत द्यावा. रेडिओलॉजिस्टना तशी पुरवणी देता येते. मागणाऱ्याला संकोच वाटतो एवढेच.

पुढच्या महिन्यात ताईचा शस्त्रक्रियेनंतरचा पहिला स्कॅन दुसऱ्या केंद्रात ठरला आहे. स्वादुपिंडाचे डोके गेले, आतडी नव्याने जोडली गेली, जुन्या खुणा बहुतेक पुसल्या गेल्या. त्यामुळे पुढच्या तुलनेसाठी हाच नवा मूळ नकाशा धरायचा आहे, असे बाईंनी फोनवर सांगितले. वेळ सकाळी दहाची दिली आहे. आम्ही डबा घेऊन जाणार आहोत.